रूट न करता फोन आपल्या हाताचा : गुड लॉकसोबतचे आठ महिने

गुड लॉक हे सॅमसंगने स्वतःच्या गॅलॅक्सी फोनांसाठी काढलेले मोफत ॲप आहे. ते उघडल्यावर आत एक यादी दिसते आणि त्या यादीतले एकेक मॉड्यूल, म्हणजे छोटे जोड-ॲप, आपल्याला हवे तसे उतरवून घ्यायचे असते. एखादे मॉड्यूल कुलूपपडद्याची मांडणी बदलते, एखादे आवाजाची, एखादे कडेवरून बोट फिरवण्याची. मी नाशिकला सिडकोत राहतो, शरणपूर रोडला करसल्लागार म्हणून बसतो आणि दिवसातले आठ-नऊ तास फोन हातात असतो. गॅलॅक्सी एस२४ प्लस या फोनवर, वन यूआय या सॅमसंगच्या प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीसह, मी गुड लॉकची डझनभर मॉड्यूल्स आठ महिने वापरून पाहिली. त्यांतली सात ठेवली आणि बाकीची काढून टाकली. हा लेखाजोखा त्या वापराचा आहे.

या विषयाकडे मी सरळ आलो नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी फोन आपल्या मनासारखा करायचा म्हणजे रूट करायचा (प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवायचा), असाच आमच्या पिढीचा समज होता. बूटलोडर (फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम) उघडायचा, बाहेरची रिकव्हरी (प्रणाली बदलण्याचे साधन) चढवायची आणि मग सायनोजेनमॉडसारखी बाहेरची अँड्रॉइड प्रणाली टाकायची, हे उद्योग मीही रात्री जागून केलेले आहेत. त्या काळचा माझा एक फोन, जो दुसऱ्याच कंपनीचा होता, याच प्रयोगात अर्ध्या वाटेवर बॅटरी संपल्यामुळे कायमचा बंद पडला. चूक पूर्णपणे माझी होती, कारण सूचनांमध्ये पहिल्याच ओळीत बॅटरी भरून घ्यायला सांगितले होते. सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद झाले आणि माझी हौसही साधारण तेव्हाच निवली. मागच्या वर्षी महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात पडद्याची काच बसवून घेताना मी बोलण्याच्या ओघात वरच्या पट्टीतल्या चिन्हांच्या गर्दीबद्दल तक्रार केली, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, रूट करून देऊ का? अर्ध्या तासात होईल.” मी हात जोडले. सॅमसंगच्या फोनात नॉक्स नावाची सुरक्षाव्यवस्था असते आणि अनधिकृत प्रणाली चढवली की तिच्यातला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मूळ प्रणाली पुन्हा टाकली तरी तो जोडला जात नाही. त्यानंतर सिक्युअर फोल्डर चालत नाही, सॅमसंग वॉलेटमधून पैसे देता येत नाहीत आणि बँकांची अनेक ॲप्सही रूट केलेल्या फोनावर उघडायला नकार देतात. शिवाय बूटलोडर उघडताना फोनातला सगळा मजकूर पुसला जातो तो वेगळाच. ज्याच्या फोनात अशिलांची कागदपत्रे आहेत, त्याने या वाटेला जाऊ नये.

गुड लॉकची गोम अशी आहे की त्यातली मॉड्यूल्स खुद्द कंपनीने बनवलेली आणि कंपनीच्याच सहीची असतात. त्यामुळे बाहेरच्या ॲपला जिथे प्रवेश नाही अशा प्रणालीच्या भागांना ती हात लावू शकतात आणि त्यासाठी कुलूप फोडावे लागत नाही. भाड्याच्या घरात मालकाला विचारून खिळे ठोकावेत, तसा हा प्रकार आहे. मालक ज्या भिंतीत ठोकू देईल तिथेच ठोकायचे, एवढे मात्र धरून चालावे. कंपनीने फोनात आधीपासून बसवलेली ॲप्स मुळासकट उपटणे, जाहिराती प्रणालीच्या पातळीवर अडवणे किंवा प्रोसेसरचा वेग बदलणे यांतले काहीही इथे जमत नाही. ज्यांना तेच हवे आहे, त्यांनी गुड लॉककडून अपेक्षा ठेवू नये.

उतरवण्याची पद्धत सोपी आहे. पूर्वी हे ॲप फक्त गॅलॅक्सी स्टोअरवर मिळत असे. २०२५ पासून ते प्ले स्टोअरवरही आले आहे. आत मॉड्यूल्सचे दोन गट केले आहेत : मेक अप आणि लाइफ अप. पहिल्यात दिसण्याचे काम आहे, दुसऱ्यात वापरण्याचे. नवखा माणूस साहजिकच पहिल्या गटापासून सुरुवात करतो. मीही तसेच केले, पण आठ महिन्यांनंतर माझ्याकडे टिकलेली बहुतेक मॉड्यूल्स दुसऱ्या गटातली आहेत.

त्यांतले पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे म्हणजे वन हँड ऑपरेशन प्लस. या फोनाचा पडदा ६.७ इंचांचा आहे आणि माझा अंगठा काही वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. हे मॉड्यूल पडद्याच्या डाव्या व उजव्या कडेला एकेक अदृश्य मूठ देते. त्या मुठीवरून बोट आडवे, तिरके वर किंवा तिरके खाली ओढले की तीन वेगवेगळ्या क्रिया होतात. आणि लांब ओढण्याची सोय चालू केली तर त्याच तीन दिशांना आणखी तीन क्रिया मिळतात. म्हणजे एका कडेला सहा आणि दोन्ही कडा मिळून बारा. मागे जाणे, सूचनांची पट्टी खाली ओढणे, आधीच्या ॲपवर उडी मारणे, टॉर्च लावणे, पडदा बंद करणे किंवा एखादे ठरावीक ॲप उघडणे, यांपैकी काहीही त्या बारा जागी बसवता येते. मुठीची रुंदी, उंची, जागा आणि पारदर्शकता हेही आपल्याच हाती असते.

याचा खरा उपयोग मला बुधवारी कळतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात डाव्या हाताला मेथी, कांद्याची पात आणि दोन किलो टोमॅटो यांनी ताणलेली कापडी पिशवी असते, मागून गर्दी ढकलत असते, समोरची भाजीवाली “दादा, स्कॅन करा ना पटकन” म्हणत असते आणि पैसे देण्याचे ॲप दुसऱ्या पानावरच्या एका फोल्डरमध्ये दडलेले असते. मी उजव्या कडेवरून अंगठा तिरका वर ओढण्याला तेच ॲप जोडून ठेवले आहे. खिशातून फोन काढायचा, बोटाच्या ठशाने उघडायचा, अंगठा तिरका सरकवायचा की ॲप समोर हजर. वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पिशवी ओल्या फरशीवर ठेवावी लागत नाही, ही सोय ऐकायला किरकोळ वाटते. दर आठवड्याला भाजी आणणाऱ्याने ती किरकोळ आहे का ते सांगावे.

याच मॉड्यूलने मला अडचणीतही आणले, अर्थात माझ्याच उतावीळपणामुळे. पहिल्या आठवड्यात मी उजव्या कडेला आडवे थोडे ओढले की मागे जाणे आणि आडवेच लांब ओढले की स्क्रीनशॉट, अशी मांडणी केली होती. जुलै महिना, विवरणपत्रांची धांदल, बोटांना घाई. थोडे आणि लांब यांतला फरक माझ्या अंगठ्याने कधी पाळलाच नाही. महिनाअखेरीस गॅलरी उघडली तर शे-दीडशे स्क्रीनशॉट साठलेले, त्यांत लोकांचे पॅन क्रमांक, बँकेचे उतारे आणि एका अशिलाच्या सोन्याच्या पावत्याही होत्या. सगळे पुसून काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्यातही काही आपोआप बॅकअपमध्ये गेले होते तेही शोधून काढावे लागले. स्क्रीनशॉट आता डाव्या कडेला, तिरका खाली आणि लांब अशा ठिकाणी आहे, जिथे अंगठा चुकूनही जात नाही. ज्यांच्या हाती दुसऱ्यांची कागदपत्रे असतात त्यांनी एकाच दिशेला लहान-लांब अशा दोन क्रिया ठेवताना आधी दोनदा विचार करावा. एखाद्या ॲपमध्ये ही मूठ अडथळा करत असेल तर तेवढ्या ॲपपुरती ती बंद ठेवण्याचीही सोय आहे, जी मला फार उशिरा सापडली.

दुसरे टिकलेले मॉड्यूल म्हणजे साउंड असिस्टंट. फोनातल्या गाण्यांच्या आवाजाला साधारणपणे १५ पायऱ्या असतात. पहाटे पाचला घरातले सगळे झोपलेले असताना इअरफोन लावून बातम्या ऐकायच्या तर पहिली पायरी कानाला जास्त वाटते आणि शून्य म्हणजे अर्थातच शांतता. या मॉड्यूलमध्ये पायरीची उंची कमी करता येते. ती सर्वांत कमी ठेवली तर १५ च्या जागी १५० पायऱ्या होतात. शिवाय प्रत्येक ॲपचा आवाज स्वतंत्र ठरवता येतो आणि एका ॲपचा आवाज चालू असताना दुसरे ॲप उघडले तर पहिले गप्प न बसता दोन्ही एकत्र चालू शकतात. या शेवटच्या सोयीचे मला सुरुवातीला हसू आले होते. पण भूपाळी लावून ठेवून सोबत भावाने पाठवलेली आवाजी चिठ्ठी ऐकता येते आणि ती संपली की भूपाळी पुन्हा लावावी लागत नाही, हे लक्षात आल्यावर मी ती कायमची चालू ठेवली.

नाइस कॅच हे मॉड्यूल दिसायला सर्वांत रुक्ष आहे. त्यात नुसती नोंदवही असते. फोन कधी थरथरला, पडदा कधी आपोआप उजळला, रिंगची पद्धत कोणी बदलली, पडद्यावर क्षणभर चमकून गेलेला संदेश कोणाचा होता, हे सगळे ते वेळ आणि ॲपच्या नावासह लिहून ठेवते. माझा फोन काही दिवस मध्यरात्रीनंतर उशाशी एकदाच थरथरत असे आणि पाहावे तर सूचनांच्या पट्टीत काहीच नसे. बायकोने निदान केले की फोन जुना झाला. नाइस कॅच बसवून दोन रात्री वाट पाहिली आणि तिसऱ्या सकाळी नोंद सापडली : १ वाजून ४० मिनिटे, कंपन, आणि समोर खरेदीच्या एका ॲपचे नाव. त्या ॲपच्या सूचना बंद केल्या आणि प्रश्न संपला. मात्र हे मॉड्यूल बसवण्याच्या आधीच्या घटना ते सांगू शकत नाही, त्यामुळे त्रास सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते आधीच बसवून ठेवलेले बरे.

वरच्या पट्टीतली गर्दी, जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले, ती क्विकस्टारने पाच मिनिटांत मिटवली. दोन सिमकार्डांची व्होल्टीची चिन्हे, गजराचे चिन्ह, एनएफसीचे चिन्ह यांतले नको ते झाकता येते आणि घड्याळ डावीकडून मध्ये किंवा उजवीकडे नेता येते. याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे नाही. रेजिस्टारमुळे बाजूचे बटण दाबून धरल्यावर, जिथे या आवृत्तीत एरवी जेमिनाय हा गूगलचा मदतनीस जागा होतो, तिथे मी टॉर्च लावून घेतला आहे. आमच्या इमारतीचा जिना आणि महावितरणचा लपंडाव ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको. याच मॉड्यूलमध्ये फोनच्या पाठीवर दोनदा किंवा तीनदा टिचकी मारून काही करवून घेण्याची सोय आहे; ती मी बंद केली, कारण टेबलावर फोन ठेवतानाही तिला टिचकीचा भास होत असे.

कॅमेरा असिस्टंट सगळ्या मॉडेलांवर मिळत नाही, पण ज्यांच्या फोनावर मिळते त्यांनी जरूर घ्यावे. माझ्या भावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि छाटणीनंतरच्या दिवसांत पानावर भुरी (पांढरी बुरशी) दिसली की कृषी सेवा केंद्राला फोटो पाठवण्याचे काम मी गेलो असेन तर माझ्याकडे येते. या फोनात तिप्पट जवळ आणणारे वेगळे भिंग आहे. पण वस्तू जवळ असली किंवा उजेड कमी असला की फोन आपल्याला न विचारता मुख्य भिंगावर जातो आणि त्याचेच चित्र कापून मोठे करून दाखवतो. पडद्यावर ‘३’ हा आकडा तसाच राहतो, त्यामुळे काय झाले ते कळत नाही. फोटो मोठा करून पाहिला की पानावरची पांढरी पावडर म्हणजे नुसता धुरकट डाग दिसतो. कॅमेरा असिस्टंटमध्ये भिंग आपोआप बदलण्याची सोय बंद करता येते. ती बंद केल्यावर फार जवळ गेले तर चित्र सरळ अस्पष्ट होते, मग आपण एक-दोन पावले मागे सरायचे, आणि त्या अंतरावरून पानाच्या शिरांमधली भुरी सुटी सुटी दिसते. मांडवाखाली वाकून उभे असताना मागे सरणे सोपे नसते हे खरे, पण केंद्रातल्या माणसाने “फोटो नीट पाठवा” म्हणून परत फोन करणे थांबले.

राहिला सजावटीचा भाग. थीम पार्क आपल्या भिंतचित्रातले रंग उचलून त्यांवरून चिन्हे, पट्ट्या आणि कळफलक यांची पूर्ण थीम बनवून देते. मी गंगापूर धरणावर पावसाळ्यात काढलेला एक फोटो दिला, तर सगळा फोन करड्या-हिरव्या रंगात न्हाऊन निघाला. चार दिवस छान वाटला आणि पाचव्या दिवशी सगळी चिन्हे एकसारखी दिसू लागल्यामुळे मी चुकून अशिलाऐवजी व्याह्यांना फोन लावला. लॉकस्टारने कुलूपपडद्यावरचे घड्याळ अंगठ्याच्या उंचीवर आणता येते. कीज कॅफेमध्ये स्वतःचा कळफलक रचता येतो, पण त्यासाठी लागणारी चिकाटी माझ्यात नाही. एज लायटिंग प्लस मी एका तासात काढून टाकले. होम अप मात्र ठेवले आहे, कारण त्यात अलीकडे उघडलेल्या ॲप्सची मांडणी जाळीसारखी करता येते आणि मुख्य पडद्याच्या रचनेचा बॅकअप घेऊन ठेवता येतो. भाच्याच्या हाती फोन गेल्यावर तो बॅकअप दोनदा कामी आला.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मॉड्यूल्सच्या नावांवरून त्यांचे काम कळत नाही. रेजिस्टार म्हणजे काय हे कोणी अंदाजाने ओळखून दाखवावे. एकाच प्रकारची सोय कधी मूळ सेटिंग्जमध्ये, कधी एका मॉड्यूलमध्ये तर कधी दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये सापडते, त्यामुळे आपण काय कुठे बदलले होते याची वहीत नोंद ठेवावी लागते. मी खरोखरच ठेवली आहे, कच्च्या खतावणीच्या मागच्या पानावर. कोणती मॉड्यूल्स चालतील हे मॉडेल आणि आवृत्तीवर ठरते. माझ्या फोनावर दिसणारी यादी बायकोच्या स्वस्त गॅलॅक्सीवर बरीच आखूड आहे, तेव्हा दुसऱ्याच्या फोनावर पाहून भुलू नये आणि आपल्या फोनावर काय मिळते ते आधी पाहावे. वन यूआयची मोठी आवृत्ती आली की मॉड्यूल्सनाही तिच्याशी जुळवून घ्यावे लागते, म्हणून ज्याची मांडणी या सोयींवर बेतलेली आहे त्याने पहिल्याच दिवशी नवी आवृत्ती चढवण्याची घाई करू नये. आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे हे सगळे फक्त गॅलॅक्सीपुरते आहे. अंगठ्याला या बारा हालचालींची सवय लागली की पुढचा फोन घेताना दुसऱ्या कंपनीकडे वळणे जड जाते, आणि कंपनी हे फुकट का देते याचे उत्तर बहुधा तिथेच असावे.

ज्यांच्याकडे गॅलॅक्सी नाही त्यांच्यासाठी रूटशिवायचा दुसरा मार्ग म्हणजे शिझुकू हे ॲप. अँड्रॉइड ११ पासून आलेल्या वायरलेस डीबगिंगच्या आधारे ते चालू होते आणि इतर ॲप्सना एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाच्या) पातळीचे अधिकार मिळवून देते. माझ्या कार्यालयातला सहकारी ते वापरतो आणि त्याने बरेच काही साधलेही आहे. पण रूट नसलेला फोन बंद करून पुन्हा सुरू केला की शिझुकूही बहुतेक वेळा पुन्हा सुरू करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे डेव्हलपर पर्याय चालू असलेले काही बँकांच्या ॲप्सना आवडत नाहीत. त्याला दर वेळी ही कसरत करताना पाहून मला माझे जुने दिवस आठवतात.

नको असलेले मॉड्यूल काढून टाकले की बहुतेक वेळा त्याचा बदलही जातो आणि फोन पूर्वीसारखा दिसू लागतो. आठ महिन्यांत मी काही मॉड्यूल्स दोन-दोनदा बसवली आणि काढली. फोनचे नॉक्स शाबूत आहे, बँकांची ॲप्स चालतात आणि वॉरंटीबद्दल कोणाशी वाद घालावा लागलेला नाही. आज माझ्याकडे वन हँड ऑपरेशन प्लस, साउंड असिस्टंट, नाइस कॅच, क्विकस्टार, रेजिस्टार, होम अप आणि कॅमेरा असिस्टंट एवढी सात उरली आहेत. थीम पार्क काढलेले आहे, पण दिवाळीच्या चार दिवसांपुरते ते परत बसवावे असा भाच्याचा आग्रह आहे, आणि तेवढे त्याचे ऐकायला हरकत नाही.